दुसरी बाजू नेमकी कोणाची?

पत्र

आदरणीय सर,

मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत शिक्षणसेवक आहे. दहावीला विज्ञान भाग 2 शिकवते. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिला पाठ सुरू करून आठवडा झाला नाही, तोच संस्थेच्या सचिवांनी बोलावून एक पुस्तिका हातात दिली. सृष्टी निर्मात्यानं आज दिसते तशीच घडवली, एका जिवापासून दुसरा जीव झालाच नाही, डार्विन चुकला आणि हे सगळं विज्ञानानंच सिद्ध होतं, असं तीत आहे. ती लिहिणारे गृहस्थ पुढच्या महिन्यात शाळेत येणार आहेत आणि त्यांचं व्याख्यान माझ्या दोन तासिकांना ठेवायचं ठरलंय. सचिव म्हणाले, "दोन्ही बाजू मांडा, ठरवू द्या न मुलांना. आणि तसंही दशावतारात हे सगळं आधीच सांगितलंय." मुख्याध्यापक सर चांगले आहेत, पण तेही म्हणतात, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे मॅडम, ॲडजस्ट करून घ्या."

पुस्तिका वर्गात फिरली आहे. एका मुलानं विचारलं, "मॅडम, माकडाचा माणूस झाला, तर मंग रामटेकची माकडं अजून माकडंच काहून हायेत?" वर्ग हसला. मला नीट उत्तर देता आलं नाही.

मी नास्तिक नाही. गजानन महाराजांवर माझी श्रद्धा आहे, गुरुवार करते. स्टाफरूममध्ये दोघी म्हणाल्याच, "तू देव मानते न, मग तुला काय त्रास?" एका मैत्रिणीनं सुचवलं, पुस्तिकेचे फोटो निनावी पेपरवाल्यांना पाठवून दे. माझी शिक्षणसेवकाची मुदत अजून संपायची आहे. मी नकार देऊ का? कायदा माझ्या बाजूनं आहे का?

— एक विज्ञान शिक्षिका, नागपूर

उत्तर

ताई,

आधी नोकरीचं बोलू, कारण झोप त्यानंच उडते. फोटो निनावी पाठवू नका. नागपूर कितीही वाढलं तरी कोणत्या शाळेतली गोष्ट कोणी बाहेर नेली हे चार दिवसांत कळतं, आणि मग भांडण पुस्तिकेचं राहत नाही, तुमच्या निष्ठेचं होतं. त्या दिवशी रजाही टाकू नका. तोंडी नकार तर देऊच नका. तोंडी नकार पुढे सांगणारा माणूस त्यात आपल्या पदरचे शब्द घालतो.

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ध्या पानाचा अर्ज लिहा. त्यात डार्विन, देव, धर्म, अंधश्रद्धा यांतला एकही शब्द नको. एवढंच लिहा: दहावीच्या विज्ञानाच्या या तासिका वार्षिक नियोजनात पहिल्या पाठासाठी आहेत, नियोजित व्याख्यानाचा विषय मंडळाच्या अभ्यासक्रमात नाही, तरी तासिका पाठासाठी कायम ठेवाव्यात, व्याख्यान घ्यायचंच असल्यास ते शाळेच्या वेळेनंतर, ऐच्छिक आणि पालकांच्या संमतीनं घ्यावं, ही विनंती. आवक क्रमांक घ्या, प्रत घरी ठेवा. दैनिक टाचणात त्या दिवसाचा घटक नेहमीसारखा लिहा. मुख्याध्यापक चांगले आहेत असं तुम्हीच म्हणता. चांगल्या माणसालाही वरच्याला नाही म्हणायला कागदाचा आधार लागतो. "मॅडमचा अर्ज आलाय, पोर्शन मागे पडतोय" हे सचिवांपुढे म्हणणं त्यांना "उत्क्रांती खरी आहे" म्हणण्यापेक्षा पुष्कळ सोपं जाईल.

आता कायदा. इथं मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल तर कोणावर सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. अर्जात संमतीचा उल्लेख करा म्हणालो तो याच आधारावर. पण तुमची पुस्तिका स्वतःला धर्म म्हणवून घेत नाही, विज्ञान म्हणवून घेते. खरी गोम तिथं आहे. अनुच्छेद 51 क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलंय, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं ते आलं. मात्र ते घेऊन थेट कोर्टात जाऊन कोणाला अडवता येत नाही. अमुक गोष्ट विज्ञान आहे की नाही हे ठरवायला आपली न्यायालयं फारशी उत्सुकही नसतात. विद्यापीठांत ज्योतिषाचा अभ्यासक्रम सुरू करण्याच्या निर्णयाला शास्त्रज्ञ पुष्पमित्र भार्गव यांनी आव्हान दिलं होतं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. आणि आपल्याकडचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा व्याख्यानाला लागू होत नाही, तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी तो सुचवला तर हसून सोडून द्या.

अमेरिकेत हेच भांडण गेली 100 वर्षं कोर्टात चाललंय. 1925 मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून 100 डॉलर दंड झाला होता. पुढे वारं फिरलं. तेव्हा निर्मितीवाद्यांनी बायबल बाजूला ठेवून 'निर्मितीविज्ञान' असं नाव घेतलं आणि दोन्ही बाजूंना समान वेळ द्या अशी मागणी केली. लुइझियाना राज्यानं तसा कायदाही केला. तो 1987 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. मग नाव पुन्हा बदललं: 'बुद्धिमान रचना', म्हणजे जीव कोण्या बुद्धिमान शक्तीनंच रचले असणार असा दावा.

तुमच्यासाठी त्यातलं पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हरचं प्रकरण महत्त्वाचं. 2004 मध्ये तिथल्या शाळा मंडळानं ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक छोटं निवेदन वाचायचं. त्याचा आशय असा: डार्विनच्या सिद्धांतात फटी आहेत, बुद्धिमान रचना हे वेगळं स्पष्टीकरण आहे, ज्याला हवं त्यानं त्यावरचं पुस्तक बघावं. मिनिटभराचं काम. तिथंही कोणीतरी नक्की म्हणालं असेल, ॲडजस्ट करून घ्या. पण विज्ञान शिक्षकांनी लेखी कळवलं की हे वाचणं म्हणजे विद्यार्थ्यांपुढे आपल्या विषयाची जाणूनबुजून चुकीची मांडणी करणं, आणि शिक्षकांच्या आचारसंहितेत ते बसत नाही. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, कोणाच्या श्रद्धेला हात लावला नाही. शेवटी प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचलं. 11 पालक कोर्टात गेले. 20 डिसेंबर 2005 ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 139 पानी निकाल दिला: बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही, निर्मितीवादाचंच ते दुसरं रूप आहे. या न्यायाधीशांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनी केली होती, म्हणजे त्यांना डाव्या विचारांचं म्हणायचीही सोय नव्हती. शाळा मंडळाला पालकांच्या वकिलांपोटी 10 लाख डॉलरच्या वर रक्कम मान्य करावी लागली.

त्या खटल्यातल्या दोन गोष्टी मला विसरता येत नाहीत. एक, त्या शिफारस केलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात आले. 1987 च्या निकालाआधीच्या मसुद्यांत जिथं 'क्रिएशनिस्ट' (निर्मितीवादी) होतं, तिथं नंतर 'डिझाइन प्रोपोनंट' (रचनेचा पुरस्कर्ता) बसवलेलं. आणि एका ठिकाणी घाईत जुना शब्द पुरता खोडलाच गेला नव्हता, त्याची दोन्ही टोकं नव्या शब्दांना चिकटून राहिली होती. दुसरी, बुद्धिमान रचनेचे मुख्य साक्षीदार मायकेल बीही यांना उलटतपासणीत कबूल करावं लागलं की विज्ञानाची त्यांची व्याख्या घेतली तर फलज्योतिषही तिच्यात बसेल. आपल्याकडे काहींना हे ऐकून आनंदच होईल, तो भाग वेगळा.

तुमच्या पुस्तिकेतले मुद्दे तुम्ही पत्रासोबत उतरवून पाठवलेत. ते वाचून मला गंमत वाटली. उष्मागतिकीचा दुसरा नियम, 'अर्धा डोळा काय कामाचा', मधले दुवे नाहीत, कार्बनी वयमापन फसवं: हा सगळा माल अमेरिकेतल्या बायबलनिष्ठ साहित्यातला आहे, 1960-70 च्या दशकांतला. आपल्या गृहस्थांनी निर्मात्याचं नाव बदललं आणि पृथ्वी जेमतेम 6,000 ते 10,000 वर्षांची असल्याचं प्रकरण गाळलं. गाळणं भागच होतं. आपल्या घराघरांतल्या पूजेच्या संकल्पात 'श्वेतवाराह कल्पे' म्हणतात. कल्प 432 कोटी वर्षांचा. मग त्यांनी काय केलं? पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं, कल्प 432 कोटींचा, बघा कसं जुळतं! पण कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा अख्खा दिवस. त्याच संकल्पात पुढे वैवस्वत मन्वंतर आणि अठ्ठाविसावं युग आहे, आणि परंपरेच्या हिशेबानं या दिवसातली आजवर सुमारे 197 कोटी वर्षंच सरली आहेत. म्हणजे जुळत नाही. संकल्पाचं त्यानं काहीच बिघडत नाही. ते काळाचं भान ठेवून कर्माला बसणं आहे, भूगर्भशास्त्राचा पेपर नाही.

बाकीच्या मुद्द्यांपैकी कार्बनचा तेवढा नीट घ्या, कारण तिथं आपल्या पुस्तकामुळे मुलं अडकू शकतात. दहावीच्या पाठात जीवाश्मांचं वय काढण्यासाठी कार्बनी वयमापन दिलंय. पुस्तिका म्हणते, कार्बननं कोट्यवधी वर्षं मोजता येत नाहीत. हे खरं आहे! कार्बन-14 चा अर्धायुकाल 5,730 वर्षं. सुमारे 50,000 वर्षांपलीकडे मोजण्याइतका कार्बन उरत नाही. म्हणूनच डायनासोरचं वय कोणीही कार्बननं काढत नाही. तिथं युरेनियम-शिसं, पोटॅशियम-अरगॉन अशा पद्धती लागतात, आणि त्या ज्वालामुखीच्या खडकांवर वापरतात. दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड, सुमारे 6.6 कोटी वर्षांचा असल्याचं अशाच पद्धतींनी ठरलंय. पुस्तिकेनं खरी गोष्ट घेऊन खोटा निष्कर्ष काढला. मुलांना तेवढं दाखवा, पुस्तिकेवर सरसकट तुटून पडू नका.

उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमातलं 'अव्यवस्था कमी होत नाही' हे म्हणणं बाहेरून ऊर्जा न मिळणाऱ्या व्यवस्थेपुरतं आहे, पृथ्वीला रोज सूर्याकडून ऊर्जा मिळते. एका वाक्याचं काम. डोळ्याचं म्हणाल तर प्लॅनेरियाचे नुसते प्रकाश ओळखणारे ठिपके आणि नॉटिलसचा भिंग नसलेला डोळा आजही त्या प्राण्यांच्या उत्तम कामी येतात.

'कोणी पाहिलंय माणूस होताना?' हा प्रश्नही येईल. 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादला जवळजवळ हेच विचारलं होतं, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांना उत्तर दिलं. मला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या आधीच्या कामामुळे. ते मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेला गुन्हाही पुराव्यांवरून शाबीत होतो, हे त्यांच्यापेक्षा कोणाला ठाऊक असणार?

आता रामटेकची माकडं. मुलाचा प्रश्न अजिबात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला विचारा, तुझ्या आजोबांना दोन मुलगे; एकाचा तू, दुसऱ्याचा तुझा चुलतभाऊ. तू चुलतभावापासून झालास का? नाही. तू झालास म्हणून तो नाहीसा झाला का? तेही नाही. गडावरचं वानर आपलं आजोबा नाही, फार लांबचं चुलत आहे. त्याचा आणि आपला समाईक पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा. तो ना वानर होता ना माणूस. एका शाखेचं पुढे वानर झालं, एका शाखेतून पुढे चिंपांझी आणि आपण. वानरही त्या काळापासून तसंच थांबलेलं नाही. झाडपाला पचवणारं कप्प्यांचं पोट ही त्याच्या शाखेची कमाई आहे, आपल्याला ते जमत नाही. दहावीच्या पोराला हे पटकन पटतं. डीएनएकडे वळायचं तर गुणसूत्रांचं सांगा: चिंपांझीला 24 जोड्या, माणसाला 23. पूर्वज एकच असेल तर माणसात दोन गुणसूत्रं जुळून एक झालेलं सापडायला हवं. सापडलं. आपलं दुसरं गुणसूत्र हे तसं जुळलेलं आहे, जोडाची खूणही त्यात दिसते.

सचिवांच्या 'दोन्ही बाजू'वर मला जरा थांबायचंय, कारण ऐकायला ते फार न्यायाचं वाटतं. तुमच्या वर्गाची हजेरी डोळ्यांपुढे आणा. नागपूरचा वर्ग आहे, त्यात एखादं गोंड मूल असेल. त्याच्या घरी पहांदी पारी कुपार लिंगोची कथा सांगतात, आणि माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेला लोक लोटतात. बौद्ध मुलं असतील. दीक्षाभूमीच्या शहरात असणारच. त्यांच्या घरी विश्वाचा निर्माता देव मानतच नाहीत. मोमीनपुऱ्यातलं मूल आदमची गोष्ट सांगेल, ख्रिस्ती मूलही तीच, थोड्या फरकानं. हिंदू मुलांच्या घरीही गोष्ट एक नाही. कमळातला ब्रह्मदेव वेगळा, पुरुषसूक्तातला पुरुष वेगळा. मग दुसरी बाजू यांतली कोणाची? सचिवांना दोन बाजू दिसतात, कारण त्यांनी एक आपली निवडून ठेवली आहे. विज्ञानाच्या तासिकेत घरची गोष्ट आणायची झाली तर पाच-सहा आणाव्या लागतील, आणि त्यांतली कोणती बरोबर हे तपासायची रीत कोणाकडेच नाही. खडक आणि हाडं कोणाच्या घरची नाहीत, म्हणून ती सगळ्यांना तपासता येतात. तासिकेची मर्यादा एवढीच आहे, ताई. ती देवावरचा निकाल नाही.

याच शहरात श्रद्धा आणि विज्ञान दोन्ही सांभाळणारा एक माणूस होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून 1845 मध्ये नागपूरला आले, मिशनरी म्हणून. ज्यांच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्सला आहे तेच. निर्मात्यावर त्यांची श्रद्धा इतकी की त्यासाठी घरदार सोडून इथं आले. आणि हेच हिस्लॉप टाकळीला, आज जे शहराच्या पोटात गेलंय, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, माशांचे खवले, बिया आणि फळं गोळा करत हिंडले. नागपूर परिसराच्या भूगर्भावर त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत लेख दिला तो 1855 चा, डार्विनच्या ग्रंथाच्या चार वर्षं आधीचा. थर कोणता खाली, कोणता वर, कशात काय सापडलं, हे त्यांनी जसं दिसलं तसं लिहिलं. त्याच हिस्लॉपनी गोंडांकडून लिंगोचं गाणंही उतरवून घेतलं. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. ते गाणं रिचर्ड टेंपल यांनी त्यांच्या कागदपत्रांतून 1866 मध्ये छापलं. लिंगोच्या गाण्यावरून त्यांनी टाकळीच्या थराचं वय काढलं नाही, आणि गोगलगायीवरून लिंगोला खोटं ठरवलं नाही.

स्टाफरूममधल्या मैत्रिणींना उत्तर यातच आहे. डोव्हरच्या खटल्यात पालकांच्या बाजूनं पहिली साक्ष देणारे केनेथ मिलर हे नियमित चर्चला जाणारे कॅथलिक आहेत, आणि जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे लेखकही. तुम्ही गुरुवार करा, शेगावला जा. महाराजांवरच्या श्रद्धेला उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचा टेकू लागतो असं ज्याला वाटतं, त्याचीच श्रद्धा मला कच्ची वाटते.

दशावताराबद्दल सचिवांशी वाद घालू नका, पण स्वतःपुरतं स्पष्ट असू द्या. पुस्तिका म्हणते जीव बदललेच नाहीत. सचिव म्हणतात मत्स्य, कूर्म, वराह या क्रमात उत्क्रांती आधीच सांगितली होती. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही! शिवाय ही जुळवणी गाजायला लागली ती डार्विननंतर. थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी ती 1877 मध्ये मांडली. 2019 च्या जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी तीच पुन्हा ऐकवली. उत्तर कळल्यावर ते जुन्या कथेत शोधणं सोपं असतं. कथेवरून पुढचं काही सांगता येतं का, ते बघायचं. मासा आणि चतुष्पाद यांच्या मधला प्राणी सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीच्या, उथळ पाण्यातल्या गाळाच्या खडकात मिळायला हवा, असा हिशेब करून काही शास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्स्मिअर बेटावर वर्षानुवर्षं खणत राहिले आणि 2004 मध्ये त्यांना टिक्टालिक मिळाला: खवले माशाचे, मान वळणारी, पोहायच्या परांमध्ये मनगटासारखी हाडं. मत्स्यावताराची कथा कुठे खणावं हे सांगत नाही, आणि ते तिचं कामही नाही.

मुलांना हेही कळू द्या की विज्ञान स्वतःचं म्हणणं बदलतं, आणि कशामुळे बदलतं. त्यासाठी कॅनडापर्यंत जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे, तिथं डायनासोरची हाडं मिळतात आणि त्यांचं दगड झालेलं शेणही. गवत डायनासोरांच्या नंतर पसरलं असं तोवर मानत असत. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचं ते शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तर त्यात निदान पाच प्रकारच्या गवतांचे सिलिकाचे कण निघाले. 2005 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या अभ्यासकांना गवताचा इतिहास मागे न्यावा लागला. विदर्भातल्या शेणानं! वर्गात हे सांगितलंत तर मागच्या बाकापर्यंत सगळे जागे होतील.

तुमच्या शेजारच्या सीबीएसई शाळेतल्या दहावीच्या मुलांना हे आता मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. कोविडनंतर ओझं कमी करायचं म्हणून एनसीईआरटीनं दहावीच्या पाठातून उत्क्रांती काढली. 2023 मध्ये 1,800 हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्यांचं काय? आपल्या मंडळाच्या पुस्तकात अवशेषांगं, पेरीपॅटस आणि फुप्फुसमासे यांसारखे जोडणारे दुवे, सगळं शाबूत आहे. अनेक मुलांची उत्क्रांतीशी शाळेतली भेट या एका पाठापुरतीच असणार. त्यातल्या दोन तासिका देऊन टाकायला मी एरवीही राजी झालो नसतो.

सचिवांना रिकाम्या हातानं परत पाठवू नका. सृष्टीच्या कथांचा कार्यक्रम मराठीच्या किंवा संस्कृतच्या शिक्षकांनी घ्यावा असं स्वतःहून सुचवा, त्यात लिंगोची कथाही असू द्या, आणि निवेदन तुम्ही करा. त्यातून त्यांचा मान राहतो आणि तुमच्यावर 'विरोधक' असा शिक्का बसत नाही. विज्ञानासाठी मुलांना सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहालयात न्या, शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या. अजब बंगलाही आहेच. कामठीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे मिळतात. तीच पानं दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही मिळतात, आणि दक्षिण ध्रुवाहून परतताना अंटार्क्टिकाच्या बर्फात मेलेल्या कॅप्टन स्कॉटनं सोबत आणलेल्या दगडांतही होती. ही जमीन एकेकाळी सलग होती, आणि त्या खंडाला भूशास्त्रज्ञांनी गोंडवाना हे नाव दिलं ते आपल्या गोंडांच्या मुलुखावरून.

एवढं करूनही व्याख्यान तुमच्याच तासिकेत झालं, तर वर्गात बसा. मान हलवू नका, मध्ये बोलू नका, मुलांना हूटिंग करू देऊ नका. आदल्या दिवशी मुलांना एकच प्रश्न देऊन ठेवा: "सर, कोणता पुरावा सापडला तर तुम्ही म्हणाल की माझं म्हणणं चुकलं?" एखाद्या शांत मुलीला विचारायला सांगा, आणि नम्रपणे. उत्क्रांतीला हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार आहे. भारतात येऊन इथले नागरिक झालेले जीवशास्त्रज्ञ हाल्डेन म्हणाले होते असं सांगतात, की कँब्रियनपूर्व, म्हणजे ससे जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधीच्या, खडकात सशाचा जीवाश्म दाखवा. टाकळीच्या गोगलगायींच्या थरात माणसाची कवटी निघाली तरी चालेल. वक्त्यांनी जे उत्तर दिलं ते मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा, पुढच्या तासिकेला त्यावर पाठ पुढे न्या, आणि तुमच्या अर्जावर काय शेरा आला ते मला कळवा.